खांद्यावरचं कापड

२६ जुलै १८५९. त्रावणकोरचे महाराज उत्रम तिरुनाळ मार्तंड वर्मा यांनी त्या दिवशी एक जाहीरनामा काढला. विषय काय, तर बायकांनी अंगावर काय घालावं. मजकूर माझ्या शब्दांत सांगतो. ख्रिस्ती नाडार बायका घालतात तसं जॅकेट बाकीच्या नाडार बायकांनी घातलं, तर हरकत नाही. कोळणींसारखं जाडंभरडं कापड अंगाभोवती गुंडाळलं, तरी हरकत नाही. आणखी कुठल्याही प्रकारे छाती झाकली, तरी हरकत नाही. फक्त उच्च जातीच्या बायकांसारखं झाकायचं नाही.

कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला असा नियम लगेच ओळखू येतो. सगळ्या केसेसना परवानगी आणि एकाच केसला नकार असेल, तर समजावं की अख्खा नियम त्या एका केससाठीच लिहिलाय. बाकीच्या ओळी सजावटीच्या.

ख्रिस्ती बाईने किंवा मुलीने शालीन राहून फॅशनेबल कसं दिसावं, या विषयावर जगभर ढीगभर सल्ले मिळतात. गळा किती खोल, बाही किती लांब, चर्चला जाताना काय घालावं, पार्टीला काय चालेल वगैरे. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शालीनता एका बाजूला, फॅशन दुसऱ्या बाजूला, आणि बाईने या दोघींमध्ये तोल सांभाळायचा. पण आपल्याच देशात, कन्याकुमारीच्या जवळ, याच विषयावर जवळजवळ पन्नास वर्षं भांडण चाललं. प्रार्थनाघरं जाळली गेली, बाजारात बायकांच्या अंगावरची कापडं फाडली गेली. ती गोष्ट नीट वाचली की हे तराजूचं गणित गडबडायला लागतं. म्हणून आजचा हा लेख.

आधी जागा समजून घेऊ. तेव्हाचं त्रावणकोर संस्थान म्हणजे आजच्या केरळचा दक्षिण भाग, अधिक तमिळनाडूचा कन्याकुमारी जिल्हा. नागरकोविल, कल्कुलम, पद्मनाभपुरम ही सगळी आपल्या गोष्टीतली गावं आज कन्याकुमारी जिल्ह्यात येतात (हा भाग १९५६ मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यात गेला). इथे नाडार समाज मोठ्या संख्येने होता. तेव्हाच्या कागदपत्रांत त्यांना 'शाणार' म्हटलंय. पुढे समाजाने ते नाव नाकारलं आणि १९२१ मध्ये मद्रास सरकारने अधिकृत नोंदींत 'नाडार' स्वीकारलं. मीही तेच वापरतोय. बहुतेकांचा धंदा ताडाच्या झाडाचा. पुरुष झाडावर चढून रस काढणार, बायका तो उकळून गूळ करणार.

या समाजावरच्या बंधनांची यादी वाचली की डोकं सुन्न होतं. ब्राह्मणापासून ठरावीक पावलं लांब राहायचं. छत्री वापरायची नाही. पायात जोडे नाहीत. सोन्याचे दागिने नाहीत. घर एका मजल्याचंच. बायकांनी पाण्याची घागर कमरेवर घ्यायची नाही. आणि बाईने काय, पुरुषाने काय, कमरेच्या वर कापड घ्यायचं नाही.

इथे मराठी वाचकाला एक ठेच लागते, ती आधीच काढून टाकू. आपल्याकडे चोळी जुनी. त्यामुळे 'उघडी छाती' म्हटलं की आपल्याला ते थेट लाजेशी जोडावंसं वाटतं. जुन्या केरळात तसं नव्हतं. हवा दमट, कपडे कमी, आणि कमरेच्या वरचं अंग उघडं असणं ही रोजची साधी गोष्ट होती, अगदी वरच्या जातीतसुद्धा. वरचं कापड लाज झाकायला नव्हतं, ते मानाचं होतं. आणि मानाचं असल्यामुळे ते मोठ्यांसमोर उतरवायचंही असायचं. नायर बायका नंबुद्री ब्राह्मणांसमोर किंवा देवासमोर ते बाजूला करत. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात आजही पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, हे तिथे जाऊन आलेल्यांना माहीत असेल. तर्क तोच. मोठ्यासमोर अंग उघडं ठेवणं म्हणजे आदर.

आता हा तर्क खाली घेत जा. नायर बाईसाठी तो एखाद्या प्रसंगापुरता, नाडार बाईसाठी दिवसभर. कारण तिच्या दृष्टीने जवळजवळ सगळेच 'मोठे'.

या चित्रात ख्रिस्ती धर्म आला, तोही दोन वेगवेगळ्या दारांनी. पहिलं दार फार जुनं. केरळचे सीरियन ख्रिस्ती आपली परंपरा इ.स. ५२ मध्ये आलेल्या संत थॉमसपर्यंत नेतात. हा समाज व्यापारी, जमीनदार, समाजात वरच्या पायरीवर. त्यांच्या बायकांचा वेष म्हणजे 'चट्टा-मुंडू'. अंगात पांढरा सैलसर चट्टा, खाली पांढरं लांब मुंडू, आणि मागे पंख्यासारख्या निऱ्या. चर्चला जाताना वरून जरीकाठी कापड. आज जुन्या फोटोंत आजीबाईंच्या अंगावर हा वेष दिसतो, तेव्हा शालीन आणि देखणं एकाच वेळी असणं म्हणजे काय ते कळतं. तर मुद्दा असा, की त्रावणकोरला झाकलेली ख्रिस्ती बाई नवीन नव्हती. ती वरच्या पायरीवरची असेपर्यंत कुणाची तक्रारही नव्हती.

दुसरं दार एकोणिसाव्या शतकातलं. लंडन मिशनरी सोसायटीचा जर्मन मिशनरी विल्यम टोबियास रिंगेलटाउबे दक्षिण त्रावणकोरात काम करायला लागला, आणि त्यानंतर नाडार मोठ्या संख्येने ख्रिस्ती होऊ लागले. प्रश्न लगेच उभा राहिला. चर्चमध्ये येणाऱ्या बाईने काय घालायचं? मिशनऱ्यांच्या डोळ्यांना उघडी छाती म्हणजे निर्लज्जपणा. त्यांच्यासाठी कपडा हा धर्माचा भाग होता.

१८१३ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट कर्नल जॉन मन्रो याने आदेश काढला, की ख्रिस्ती झालेल्या बायकांना इतर देशांतल्या ख्रिस्ती बायकांप्रमाणे छाती झाकायची मुभा आहे. हा मन्रो त्या वेळी रेसिडेंट आणि त्रावणकोरचा दिवाण अशा दोन्ही खुर्च्यांवर बसलेला. तरीही दरबारातून विरोध झाला आणि १८१४ मध्ये सुधारित आवृत्ती आली. नाडार ख्रिस्ती बायकांनी वरच्या जातींसारखं खांद्यावरून कापड घ्यायचं नाही. त्याऐवजी 'कुप्पायम' घालावं, म्हणजे सीरियन ख्रिस्ती किंवा मुसलमान बायका घालतात तसं छोटं जॅकेट.

म्हणजे बघा, छाती झाकण्याचा प्रश्न १८१४ मध्येच सुटला होता! भांडण खरंच लाज-शरमेचं असतं, तर इथे गोष्ट संपायला हवी होती.

पुढे नागरकोविलला मीड आणि मॉल्ट ही मिशनरी कुटुंबं स्थिरावली. मिशनऱ्यांच्या बायकांनी मुलींच्या शाळा काढल्या, शिवण शिकवलं, आणि जॅकेटचं एक रूप बसवलं. सैल, साधं, अंग नीट झाकणारं. मिसेस मार्था मॉल्ट यांनी मुलींना लेस विणायला शिकवलं. नागरकोविलची लेस पुढे नावाजली. तिचं गिऱ्हाईक मुख्यतः युरोपियन बायका, आणि त्या पैशावर काही मुलींनी स्वतःला गुलामीतून सोडवून घेतलं अशी नोंद आहे (त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८५५ मध्ये). यातली विसंगती बघा. दुसऱ्यांच्या फॅशनसाठी बोटं चालवणाऱ्या या मुलींनी स्वतः मात्र साध्या जॅकेटवर समाधान मानावं, अशी दरबाराची अपेक्षा होती.

त्यांनी ते मानलं नाही. जॅकेट घातलंच, पण त्यावरून खांद्यावर कापडही घेतलं, नायर बायका घेतात तसं. तमिळमध्ये त्याला 'तोळ शीलै' म्हणतात. तोळ म्हणजे खांदा, शीलै म्हणजे कापड, साडी. या सगळ्या संघर्षाचं नावही तेच पडलं. नाव छातीवरून पडलेलं नाही, खांद्यावरून पडलंय, हे मला फार बोलकं वाटतं.

आता भडका उडाला. १८२२-२३ मध्ये कल्कुलमच्या बाजूला बाजारांत बायकांवर हल्ले झाले. मिशनऱ्यांनी कोर्टात धाव घेतली आणि १८२३ मध्ये पद्मनाभपुरमच्या कोर्टाने ख्रिस्ती बायकांच्या बाजूने निकाल दिला. पण आग विझली नाही. १८२७ ते १८२९ मध्ये पुन्हा हिंसा. प्रार्थनाघरं आणि शाळा जाळल्या. ३ फेब्रुवारी १८२९ ला राज्यकारभार पाहणाऱ्या राणी गौरी पार्वती बाई यांच्या काळात जाहीरनामा निघाला, की नाडार बायकांनी वरचं कापड घ्यायचं नाही, जॅकेट घालावं. त्याच जाहीरनाम्यात नाडारांनी वेठबिगार करावी हेही होतं, फक्त ख्रिस्ती लोकांना रविवारी सुटी. कपडा आणि वेठबिगार एकाच कागदावर आले, हा योगायोग नाही. बाजारात समोरून येणारी बाई कुठल्या जातीची हे लांबूनच कळलं पाहिजे, तरच कुणाला वेठीला धरायचं, कुणाला बाजूला सरकायला सांगायचं, हे ठरतं. तेव्हा आयडी कार्डं नव्हती, खांदा हेच आयडी कार्ड. ते खोटं ठरायला लागलं की सगळी सिस्टिम डळमळते.

हे फक्त ख्रिस्ती बायकांपुरतं राहिलं नाही. धर्म न बदललेल्या नाडार बायकाही खांद्यावर कापड घ्यायला लागल्या. याच काळात अय्या वैकुंदर (१८०९-१८५१) नावाचे एक धर्मसुधारक हिंदू चौकटीत राहूनच नाडार पुरुषांना डोक्याला फेटा बांधायला सांगत होते. बायकांचा खांदा, पुरुषांचं डोकं, मागणी तीच.

तिसरा अंक १८५८ चा, आणि इथे एक मराठी माणूस रंगमंचावर येतो. सर टी. माधवराव. तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले, जन्म १८२८ चा कुंभकोणमचा. त्यांचे वडील आणि काका दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. आपल्याला ते बडोद्याचे दिवाण म्हणून माहीत असतात. सयाजीराव गायकवाड अज्ञान असताना १८७५ पासून बडोद्याची घडी बसवणारे ते हेच. त्रावणकोरची दिवाणगिरी मिळाली तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते.

१ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा आला. सरकार आता लोकांच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं त्यात होतं. वरच्या जातींनी अर्थ लावला, की मिशनऱ्यांच्या पाठीमागचा हात निघाला. बाजारात पुन्हा कापडं फाटायला लागली. २७ डिसेंबरला माधवरावांच्या दरबाराने नाडारांनाच तंबी दिली, की जुना रिवाज मोडू नका. नव्या वर्षात नागरकोविलच्या आसपास मोठी दंगल झाली, आणखी प्रार्थनाघरं जळली. अर्ज, तक्रारी मद्रासपर्यंत गेल्या. तिथला नवा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन भडकला. त्याने रेसिडेंट जनरल कलेन याला कडक शब्दांत लिहिलं, की न्याय पूर्णपणे एकाच बाजूला आहे आणि ब्रिटिश सरकार अशा गोष्टीच्या पाठीशी उभं राहू शकत नाही. त्या दबावातून सुरुवातीला सांगितलेला जुलै १८५९ चा जाहीरनामा निघाला.

माधवरावांना खलनायक करणं सोपं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. ते शिकलेले, हुशार, पुढे उदारमतवादी म्हणून गाजलेले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्षही तेच. अशा माणसाने काढलेली तडजोड काय, तर अंग झाका, पण 'त्यांच्यासारखं' झाकू नका. शहाणा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करतो तेच त्यांनी केलं. प्रॉडक्शनला आग लागलीय, मूळ डिझाइन बदलायची कुणाची तयारी नाही, मग एक पॅच टाका. शालीनता देऊन टाकली, कारण ती द्यायला काहीच लागत नव्हतं. राखून ठेवली ती स्टाइल.

१८६५ मध्ये ही सवलत इतर खालच्या मानलेल्या जातींनाही मिळाली. बायका मात्र आपल्याला हवं तसंच नेसत राहिल्या आणि 'वरच्यांसारखं नको' ही अट कागदावरच राहून विरून गेली.

इथे बायबलचा एक संदर्भ घ्यावाच लागेल, कारण ख्रिस्ती बायकांच्या कपड्यांची कुठलीही चर्चा तिथे पोचतेच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बायकांना सल्ला आहे, की शालीन कपडे घालावेत, सोनं-मोती आणि महागड्या कपड्यांनी नटू नये. हा सल्ला कुणाला दिलाय? ज्यांच्याकडे सोनं-मोती आहेत त्यांना. श्रीमंत बाईने मंडळीत येताना आपली श्रीमंती दाराबाहेर ठेवावी, म्हणजे शेजारी बसलेल्या गरीब बाईला खाली बघावं लागणार नाही, असा मी तरी त्याचा अर्थ लावतो. पण जिला सोनं घालायला राज्याच्या नियमानेच बंदी आहे, तिला 'साधी राहा' सांगणं म्हणजे काय? तिच्या बाबतीत तोच उपदेश जुन्या बंदीचं नवीन नाव होऊन बसतो. वाक्य तेच, ऐकणारी बदलली की अर्थ उलटा.

याचा पडताळा पुढच्या दोन घटनांत दिसतो, आणि दोन्ही ख्रिस्ती नाहीत. १९१५ मध्ये कोल्लमजवळ पेरिनाडला अय्यनकाळींच्या नेतृत्वाखालच्या चळवळीत पुलय बायकांनी गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा काढून फेकल्या. या माळा म्हणजे त्यांच्या जातीची खूण, त्या घालणं सक्तीचं होतं. नाडार बायकांनी कापड वर चढवलं, यांनी दागिना उतरवला. क्रिया उलट्या, कारण एकच.

दुसरी घटना आपल्या महाडची. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं. लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा आणि गळ्यातल्या ढीगभर माळा, हातातले कोपरापर्यंतचे चांदीचे गोट-पाटल्या सोडा, कारण त्या तुमच्या जातीची ओळख सांगतात, असं त्यांनी सांगितलं. महाडमध्ये कुणाचीच छाती उघडी नव्हती. प्रश्न अंग किती झाकलंय याचा नव्हताच. नेसण्याची पद्धत, म्हणजे आजच्या भाषेत स्टाइलच, बदलायची होती. नागरकोविलच्या बायका शंभर वर्षं आधी याच जागी येऊन पोचल्या होत्या.

इतिहासकारांनीही हे ओळखलंय. रॉबर्ट हार्डग्रेव्ह यांनी १९६० च्या दशकात या संघर्षावर सविस्तर लिहिलं आणि तो जातीच्या उतरंडीतल्या जागेचा झगडा म्हणून मांडला. या विषयावर लिहिताना एक जाणवतं, की उरलेले कागद म्हणजे दरबाराचे हुकूम, मिशनऱ्यांचे अर्ज, साहेबांची पत्रं. जवळजवळ सगळे पुरुषांनी लिहिलेले. बायकांचं म्हणणं आपल्याला त्यांच्या कृतीतूनच वाचावं लागतं. आणि कृती तर अगदी स्पष्ट आहे. जॅकेट मिळाल्यावर, अंग पूर्ण झाकलं गेल्यावर, मार खायची शक्यता असताना, त्यांनी वरून एक जादा कापड घेतलं. उपयोगाच्या दृष्टीने त्याची काही गरज नव्हती. गरज नसलेलं, पण छान दिसणारं, आणि आपण कोण आहोत ते सांगणारं कापड. याला फॅशन नाही तर काय म्हणायचं?

मला वाटतं, म्हणूनच 'शालीन की फॅशनेबल' हा प्रश्न त्यांना कळलाच नसता. त्यांच्यासाठी शालीन दिसणं म्हणजे सन्मानाने दिसणं, आणि सन्मानाने दिसायचं तर सन्मान असलेल्या बायका जे नेसतात तेच नेसायचं. मिशनऱ्यांना त्यांची लाज झाकायची होती, दरबाराला त्यांची पायरी राखायची होती. दोघांनाही जॅकेट पुरेसं वाटलं असतं. अपुरं वाटलं ते फक्त ती घालणारीला.

आज हा इतिहास शाळेत शिकवावा की नाही यावरही वाद झालेत. सीबीएसईच्या नववीच्या इतिहासात कपड्यांवरच्या धड्यात हा भाग होता. डिसेंबर २०१६ मध्ये बोर्डाने तो अभ्यासक्रमातून वगळायला सांगितलं आणि २०१९ मध्ये एनसीईआरटीने तो अख्खा धडाच पुस्तकातून काढला. दुसरीकडे, ६ मार्च २०२३ ला नागरकोविलमध्ये या लढ्याच्या दोनशे वर्षांचा कार्यक्रम झाला आणि तमिळनाडू व केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री, स्टालिन आणि पिनराई विजयन, एका मंचावर बसले.

आपण शहरातली, लॅपटॉप घेऊन हिंडणारी मंडळी ड्रेस कोडबद्दल बरंच बोलतो. ऑफिसातल्या, कॉलेजातल्या, देवळातल्या, चर्चमधल्या. प्रत्येक वेळी कारण एकच दिलं जातं, की सभ्य दिसावं. पुढच्या वेळी असा नियम वाचाल तेव्हा त्यातली 'हरकत नाही'ची यादी भराभर ओलांडा आणि शेवटची 'फक्त' पासून सुरू होणारी ओळ शोधा. नियम कुणासाठी लिहिलाय ते तिथे सापडेल.

आणि हो, कन्याकुमारीला सूर्योदय बघायला गेलात तर परतताना पद्मनाभपुरमच्या राजवाड्यात तासभर काढा. लाकूडकाम अप्रतिम आहे. मात्र तिथून निघून गावच्या बाजारातून जाताना आजूबाजूच्या बायकांच्या खांद्यांकडे एकदा लक्ष द्या. प्रत्येकीच्या खांद्यावर पदर आहे, आणि कोण कुठल्या जातीची ते त्यावरून अजिबात कळत नाही.